कोणत्या वर्षाचा उतारा? सांगलीच्या ऊसपट्ट्यातून एकरकमी एफआरपीचं प्रकरण

२१ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्य शासनाने एक शासन निर्णय काढला. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, कारखान्यांनी दोन टप्प्यांत द्यावी असा त्याचा बातम्यांत आलेला अर्थ. वाळवा, पलूस, कडेगाव, मिरज या पट्ट्यात दुसऱ्या दिवसापासून त्याला ‘एफआरपीचे तुकडे’ म्हणू लागले. तीन वर्षांनी, १७ मार्च २०२५ ला, मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मधल्या काळात मोर्चे, पदयात्रा, महामार्ग रोखणं, मुख्यमंत्र्यांची बैठक, एका पक्षाचं आघाडीतून बाहेर पडणं, सगळं झालं. हितसंबंधी गट कसे उभे राहतात आणि धोरण कसं वाकवतात, हे शिकायला इतकं नेमकं प्रकरण आपल्या भागात दुसरं नाही. मात्र मोर्च्याच्या फोटोंवरून ते कळत नाही. ते कळतं शासन निर्णयातल्या एका बारीक कलमावरून.

‘दोन टप्पे’ हा त्या निर्णयाचा गाभा नव्हताच. गाभा होता तो हिशोबाला कोणत्या वर्षाचा उतारा धरायचा हा.

शंभर किलो उसातून जितके किलो साखर निघते तो कारखान्याचा उतारा. केंद्र सरकार दर हंगामाला एका पायाभूत उताऱ्यासाठी दर जाहीर करतं आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला वाढीव रक्कम देतं. २०२१-२२ साठी १० टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २९० रुपये आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ९० पैसे असा दर होता. तोपर्यंतची रीत अशी की उतारा मागच्या हंगामाचा धरायचा. तो आकडा कारखाना सुरू होण्याआधीच कागदावर असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी आलेल्या उसाचीही पूर्ण एफआरपी किती ते ठाऊक असतं. ती चौदा दिवसांत द्यायची.

शासन निर्णयाने मागचं वर्ष काढलं आणि चालू हंगामाचा उतारा आणला. ऐकायला न्याय्य वाटतं, ज्या वर्षीचा ऊस त्याच वर्षीचा उतारा. पण चालू हंगामाचा अंतिम उतारा हंगाम संपल्याशिवाय कळतच नाही. मग तोवर काय द्यायचं? पुणे आणि नाशिक विभागात १० टक्के, बाकीच्या विभागांत ९.५ टक्के उतारा धरून पहिला हप्ता द्यायचा. उरलेलं, कारखाना बंद होऊन उतारा निश्चित झाल्यावर पंधरा दिवसांत. म्हणजे तुकडे करा असं कुणाला म्हणावंच लागलं नाही. वर्ष बदललं आणि तुकडे आपोआप पडले.

हे रुपयांत पाहू. आपल्याकडे कृष्णा-वारणा काठच्या कारखान्याचा उतारा १२ टक्के धरला तर २०२१-२२ च्या दराने एफआरपी होते टनाला ३,४८० रुपये. तोडणी-वाहतूक ६५० रुपये समजा. शेतकऱ्याला मिळायला हवेत २,८३०. नव्या पद्धतीत पहिला हप्ता १० टक्क्यांवर, म्हणजे २,९०० वजा ६५०, हातात २,२५०. टनामागे ५८० रुपये हंगाम संपेपर्यंत कारखान्याकडे. शंभर टन ऊस घालणाऱ्याचे ५८,००० रुपये अडकले. डिसेंबरात ऊस तुटला असेल आणि कारखाना एप्रिलअखेर बंद झाला तर जवळपास पाच महिने. तोडणी-वाहतूक मात्र पहिल्याच हप्त्यातून पूर्ण कापली जाते, ती दोन टप्प्यांत कापायचं कुणी सुचवलेलं ऐकिवात नाही.

आता हाच हिशोब मराठवाड्यातल्या साडेदहा टक्के उताऱ्याच्या कारखान्याला लावा. तिथे पहिला हप्ता साडेनऊ टक्क्यांवर, फरक एका टक्क्याचा, टनाला २९० रुपये. सांगलीच्या बरोबर निम्मा. एकरकमीचं आंदोलन कोल्हापूर, सांगली आणि कराडच्या पट्ट्यात का पेटलं आणि इतरत्र निवेदनांवर का भागलं, याचं अर्धं उत्तर या आकड्यात आहे. इथला शेतकरी जात्याच लढाऊ वगैरे बोललं जातं. असेलही. पण जिथे उतारा जास्त तिथे अडकणारी रक्कम जास्त, आणि रक्कम जास्त तिथे ट्रॅक्टरच्या चाकाची हवा सोडायला माणूस रात्री बाहेर पडतो.

कारखान्यांची बाजू

कारखान्यांच्या मागणीला आधार नव्हता असं नाही. ऊस पाच-सहा महिन्यांत गाळला जातो, साखर विकायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. २०१८ पासून तर कोणत्या कारखान्याने महिन्याला किती साखर विकायची हेही केंद्र ठरवून देतं. साखरेचा किमान विक्री दर २०१८ मध्ये किलोला २९ रुपये होता, २०१९ च्या फेब्रुवारीत ३१ झाला आणि पुढची सहा वर्षं तिथेच थांबला. एफआरपी मात्र वाढत गेली. २०१८-१९ ला १० टक्के उताऱ्याला २७५ रुपये होती, २०२५-२६ साठी १०.२५ टक्क्यांना ३५५ आहे. मग चौदा दिवसांत पैसे आणायचे कुठून? गोदामातली साखर राज्य बँकेकडे किंवा जिल्हा बँकेकडे गहाण टाकून. मालतारण कर्जाचं व्याज कारखान्याच्या माथी, आणि सहकारी कारखाना म्हटल्यावर शेवटी सभासदाच्याच माथी.

शिवाय हप्ते ही पश्चिम महाराष्ट्राची जुनी वहिवाट आहे. पहिली उचल, मग दुसरा हप्ता, मग दिवाळीला कांडं बिल. जुन्या पिढीतल्या कित्येकांना दिवाळीचं बिल आवडायचं, कारण एकदम आलेला पैसा एकदम जातो. कारखान्याचे संचालक हा मुद्दा आवर्जून सांगतात आणि तो खोटा नाही. फक्त एक गोष्ट सांगायची राहते. त्या काळात हप्ता कायद्याने देय रकमेच्या वरचा असायचा. २०२२ चा दुसरा हप्ता देय रकमेतलाच होता.

केंद्रातही वारं त्याच दिशेने होतं. नीती आयोगाच्या कृतिगटाने एफआरपी ६०, २० आणि २० टक्के अशा तीन टप्प्यांत देण्याची शिफारस आधीच केली होती, आणि राज्यांचं मत मागवणं सुरू झालं होतं. कारखान्यांच्या संघाने ही संधी ओळखली. तिथे घोषणा नव्हत्या, टिपण होतं.

थोड्यांचं संघटन, पुष्कळांचं संघटन

मॅन्सर ओल्सन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्ये मांडलेला विचार राज्यशास्त्राच्या वर्गात हमखास शिकवला जातो. समान हित असलं म्हणून माणसं आपोआप संघटित होत नाहीत. गट लहान असेल, प्रत्येकाचा वाटा मोठा असेल, तर तो चटकन उभा राहतो. गट प्रचंड असेल तर प्रत्येकाला वाटतं, मी नाही गेलो तरी आंदोलन होणारच आहे, आणि दर वाढला तर तो मलाही मिळणारच आहे.

महाराष्ट्रात एका हंगामात सुमारे दोनशे कारखाने गाळप करतात. दोनशे म्हणजे एका सभागृहात मावतील इतके. त्यांचा राज्य संघ आहे, दिल्लीत राष्ट्रीय महासंघ आहे, खासगी कारखान्यांची वेगळी संघटना आहे. प्रत्येकाकडे साखरेचे, कर्जाचे, उताऱ्याचे आकडे बाळगणारा पगारी माणूस आहे. वर्गणी टनामागे ठरते आणि जाते. ऊस उत्पादक लाखांत. त्यांचा आकडा कुणाच्या वहीत असेल तर तोही कारखान्याच्याच, ऊस नोंदीच्या.

सांगली-साताऱ्यात याला आणखी एक पदर आहे, तो अमेरिकन पुस्तकी मांडणीत बसत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत राज्याचे सहकारमंत्री होते बाळासाहेब पाटील, कराडजवळच्या सह्याद्री कारखान्याचे अध्यक्ष. सहकार आणि कृषी खात्यांचे राज्यमंत्री विश्वजित कदम, ज्यांच्या घराण्याचा कडेगाव तालुक्यातला सोनहिरा कारखाना. जलसंपदामंत्री जयंत पाटील, इस्लामपूरचे, राजारामबापू कारखान्याच्या परंपरेतले. यात लपलेलं काही नाही आणि बेकायदा तर नाहीच. मतदारांनी माहीत असूनच त्यांना निवडून दिलं, कित्येकदा कारखाना नीट चालवला म्हणूनच दिलं. मुद्दा एवढाच की हितसंबंधी गट मंत्रालयाच्या दारात जाऊन उभा राहतो असं जे चित्र आपल्या डोक्यात असतं, ते इथे लागू पडत नाही. ज्याला कारखान्याची रोखीची चणचण समजावून सांगायची, तो ती रोज सकाळी स्वतःच्या तालुक्यात पाहत असतो. त्याला पटवावं लागत नाही. आणि ज्याला पटवावं लागत नाही त्याला दुसरी बाजू ऐकण्याचीही घाई नसते.

मग शेतकऱ्यांचा गट, म्हणजे राजू शेट्टींची स्वाभिमानी शेतकरी संघटना, उभा तरी कसा राहिला? ओल्सनच्या हिशोबाने राहायला नको होता. कारखान्याकडे सभासदाला बांधून ठेवायच्या गोष्टी आहेत. सवलतीची साखर, ऊसतोडीच्या पाळीपत्रकातला नंबर, मुलाला नोकरी, बियाणं आणि खत उधारीवर. संघटनेकडे यातलं काही नाही. उलट संघटनेचा बिल्ला लावला तर चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा तोडीची नोंद ठेवणारा माणूस, तोडीची पावती द्यायला विसरतो आणि ऊस तुऱ्यावर जाऊन वजन घटतं, ही भीती प्रत्येक गावात आहे. वार्षिक सभेत व्यासपीठावरून विषय वाचला की ‘मंजूर, मंजूर’ का घुमतं याचं कारण या भीतीत सापडतं.

संघटना उभी राहिली ती वेळेच्या बळावर. कारखाना हवा तेव्हा बंद पाडता येत नाही, पण सुरू होताना अडवता येतो. बॉयलर पेटलेला, तोडणीच्या टोळ्या बीडहून येऊन पालं ठोकून बसलेल्या, मुकादमांना उचल दिलेली, अशा वेळी आठ दिवस गव्हाणीत ऊस पडला नाही तर नुकसान कारखान्याचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या या काही दिवसांपुरता शेतकऱ्याचा हात वर असतो. जयसिंगपूरची ऊस परिषद, सांगलीपासून हाकेच्या अंतरावरची, दरवर्षी याच दिवसांत भरते. तिथे पहिल्या उचलीचा आकडा जाहीर होतो आणि त्या रात्रीपासून रस्त्यावर टायर जळायला लागतात. हजारो माणसांना वर्षभर संघटित ठेवणं अशक्य. वर्षातून तीन आठवडे ठेवणं शक्य आहे. सगळं तंत्र एवढ्यावर उभं आहे.

त्याची किंमतही मोजली गेली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये दराच्या आंदोलनात पलूस तालुक्यातल्या वसगडे इथे पोलीस गोळीबारात एक शेतकरी मरण पावला.

या संघटनेचं मूळ शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत. १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनाने ‘भाव’ हा शब्द राजकारणाच्या मध्यभागी आणला. राजू शेट्टी त्या परंपरेतून पुढे आले, २००४ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली, त्याच वर्षी शिरोळचे आमदार झाले, २००९ आणि २०१४ ला हातकणंगल्याचे खासदार. निवडणुकीचा खर्च लोकांनीच उचलावा म्हणून ‘एक नोट, एक व्होट’ ही हाक दिली गेली आणि लोकांनी नोटा दिल्या. मला या हाकेचं महत्त्व पैशापेक्षा वेगळ्या कारणासाठी वाटतं. ज्याने दहाची का होईना नोट दिली, त्याला ‘मी नाही गेलो तरी चालेल’ असं म्हणणं जड जातं.

पण निवडणुकीत उतरलेला दबावगट दोन दगडांवर उभा असतो. २०१४ ला स्वाभिमानी भाजपसोबत होती, २०१७ ला बाहेर पडली, २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या बाजूला. त्याच २०१७ मध्ये वाळवा तालुक्यातले सदाभाऊ खोत, जे कृषी राज्यमंत्री झाले होते, संघटनेतून हकालपट्टी झाल्यावर रयत क्रांती काढून बसले. आणि २०१९ च्या लोकसभेला सांगलीतून स्वाभिमानीच्या तिकिटावर लढले ते वसंतदादांचे नातू विशाल पाटील, स्वतः वसंतदादा कारखान्याचे अध्यक्ष राहिलेले. ऊस उत्पादकांच्या संघटनेचा उमेदवार साखर कारखानदार! सांगलीत तेव्हा याचं फार कुणाला नवल वाटलं नाही. कारखानदार आणि ऊस उत्पादक या इथे दोन जाती नाहीत, एकाच घरातल्या दोन खुर्च्या आहेत. संचालकाचाही ऊस असतो, आणि आंदोलकाचाही कारखान्यात शेअर असतो. दोन्ही गट ‘शेतकऱ्यांच्या वतीने’ बोलतात आणि दोघांचंही बोलणं काही अंशी खरं असतं.

हंगामाने दिलेली आणि काढून घेतलेली ताकद

शासन निर्णय आला तेव्हा संघटना महाविकास आघाडीची मित्र होती. तरीही तो थांबवता आला नाही. एप्रिल २०२२ मध्ये शेट्टींनी आघाडी सोडली. रस्त्यावर मात्र त्या वेळी फारसं काही घडलं नाही, आणि ते नेत्यांच्या चुकीने नव्हे.

२०२१-२२ हा राज्याच्या इतिहासातला प्रचंड उसाचा हंगाम होता. साखरेचं उत्पादन १३७ लाख टनांपर्यंत गेलं, महाराष्ट्राने उत्तर प्रदेशाला मागे टाकलं, आणि काही भागांत जूनपर्यंत ऊस शेतात उभा होता. फेब्रुवारीत शासन निर्णय निघाला तेव्हा ज्याचा ऊस तुटायचा बाकी होता तो टोळीवाल्याला वरचे पैसे देऊन ‘बाबा, एवढा घेऊन जा’ म्हणत होता. अशा माणसाला ‘कारखाना बंद पाडू’ म्हणून सांगायला कोण जाणार? निर्णयाची वेळ कुणी मुद्दाम साधली की कसं, यावर गावात मतं आहेत. हेतू काहीही असो, परिणाम साधलेल्या वेळेसारखाच झाला.

दीड वर्षाने चित्र पालटलं. २०२३ ला पाऊस दगा देऊन गेला, ऊस कमी पडणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि कारखान्यांत पळवापळवी होणार होती. तीच संघटना, तेच नेते, तेच कार्यकर्ते. आदल्या हंगामातल्या उसाला टनामागे आणखी ४०० रुपये द्या, अशी मागणी होती. २३ नोव्हेंबर २०२३ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग दिवसभर रोखला गेला आणि तडजोड झाली. ज्यांनी आदल्या वर्षी तीन हजारांपेक्षा कमी दिलं होतं त्यांनी १०० रुपये, ज्यांनी जास्त दिलं होतं त्यांनी ५० रुपये वाढवायचे. चारशेच्या मागणीवर पन्नास-शंभर मिळाले, म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. पण संपलेल्या हंगामाचा, हिशोब मिटलेला पैसा कारखान्याच्या तिजोरीतून बाहेर काढणं सोपं नाही.

मागणी पूर्ण झाली की नाही यापेक्षा माझं लक्ष वेधून घेतलं ते वेगळ्याच गोष्टीने. या आंदोलनात पैसा मिळाला, पण शासन निर्णय होता तिथेच राहिला. आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस, तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी संघटनांच्या प्रतिनिधींसोबतच्या बैठकीत एकरकमी एफआरपीची पद्धत परत आणू असं जाहीर केलं होतं. हार-तुरे झाले, बातम्या आल्या. २१ फेब्रुवारीचा कागद मात्र रद्द झाला नाही. मंत्रालयात घोषणा आणि आदेश यांच्यामध्ये एक टेबल असतं, आणि त्या टेबलावर टिपण कोण ठेवतं हे रस्त्यावरच्या गर्दीला ठरवता येत नाही.

गर्दीने एक काम केलं, ते कागदावर दिसत नाही. जिथे शेजारी-शेजारी तीन कारखाने आहेत आणि एकाने एकरकमी दिली, तिथे दुसऱ्याला तुकडे करणं अवघड झालं, शासन निर्णयाने परवानगी असूनही. गेटकेनसाठी, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरच्या उसासाठी, ट्रक कुठल्या दिशेने जातात हे गावातल्या पोरांनाही कळतं. जिथे एकच कारखाना आणि त्याच्याच नोंदी, तिथे निर्णय शब्दशः लागू झाला.

न्यायालयात

शेट्टींनी उच्च न्यायालयात याचिका केली. तिथला प्रश्न शेतकरी गरीब की कारखाना गरीब हा नव्हताच. प्रश्न होता अधिकार कुणाचा. एफआरपी ठरते ती अत्यावश्यक वस्तू कायद्याखालच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने, आणि तो केंद्राचा आहे. त्यातच चौदा दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज आहे. केंद्राच्या आदेशाने जे दिलं, ते राज्याला शासन निर्णयाने बदलता येत नाही, असा निकाल आला आणि मागच्या हंगामाच्या उताऱ्यावर, एकरकमी, ही जुनी पद्धत पुन्हा लागू झाली.

तीन वर्षांत तीन हंगाम गाळून झाले होते.

कारखान्यांच्या गटाची ताकद राज्याच्या पातळीवर होती, तिथे त्यांनी काम फत्ते केलं. पण ज्या विषयाचा मालक केंद्र आहे, तो राज्याच्या टेबलावर मिटवणं ही त्या यशातली कच्ची बाजू होती. नीती आयोगाच्या शिफारशीचा पाठपुरावा दिल्लीत करून नियंत्रण आदेशच बदलून घेतला असता, तर याचिकेला फारसा आधार उरला नसता. जवळचं दार उघडं असलं की माणूस लांबच्या दाराकडे बघत नाही.

त्या आदेशात आणखी एक फट आहे, आणि तिची चर्चा मला फार कमी ऐकू येते. चौदा दिवसांची मुदत ‘लेखी करार नसेल तर’ लागू आहे. ऊस नोंदणीच्या छापील अर्जावर शेवटी बारीक अक्षरात एक ओळ, पेमेंट कारखान्याच्या धोरणाप्रमाणे स्वीकारेन, आणि खाली सही. बांधावर, चिटबॉयच्या पेनने, न वाचता केलेली. सगळीकडे असा अर्ज नसतो, पण जिथे असतो तिथे निकालाचा उपयोग करून घ्यायला शेतकऱ्याला आधी स्वतःच्याच सहीशी भांडावं लागेल. १५ टक्के व्याजाचंही तसंच. कायद्याने ते देय आहे, पण मागायचं तर साखर आयुक्तांकडे तक्रार पाहिजे, आणि ज्या कारखान्याकडे पुढच्या वर्षी ऊस घालायचाय त्याच्याविरुद्ध एकट्याने तक्रार करणारा विरळा. वरच्या उदाहरणातल्या ५८,००० रुपयांवर पाच महिन्यांचं व्याज ३,६२५ रुपये होतं. एवढ्यासाठी पुण्याच्या साखर संकुलात कोण खेटे घालणार? पण शंभर टनांचे असे हजार शेतकरी धरले तर ती रक्कम छत्तीस लाखांवर जाते, आणि कारखान्याच्या दृष्टीने ते बिनव्याजी वापरलेलं भांडवल आहे. ओल्सनचं म्हणणं इथे जसंच्या तसं दिसतं. एकेकाचं नुकसान मागण्याइतकं मोठं नाही, मिळून झालेला फायदा मात्र सोडण्याइतका लहान नाही.

शेतकऱ्याच्या बाजूने हा हिशोब वेगळाच दिसतो. विकास सोसायटीत ऐकू येणारं संभाषण साधारण असं असतं.

‘आप्पा, बिल पडलंय खात्यावर.’

‘सोसायटी कापून किती ऱ्हायलं ते सांग की लेका.’

पीककर्जाची वसुली बिलातून परस्पर होते. पहिला हप्ता कमी आला तर सोसायटी तेवढीच कापते, शेतकऱ्याच्या हाती उरणारं तेवढं घटतं. जूनअखेर कर्ज भरलं नाही तर व्याजाची सवलत जाते, म्हणून उरलेल्या बाकीसाठी तो दुसरीकडून हातउसने उचलतो. दोन टप्प्यांचं खरं ओझं व्याजाच्या टक्केवारीत नसून या हातउसन्यात होतं, आणि त्याची नोंद कुठल्याही तक्त्यात नाही.

ज्यांना खुर्ची मिळाली नाही

या प्रकरणात कारखाने आणि शेतकरी असे दोनच गट मोजले जातात. तिसरा आहे तोडणी मजुरांचा. त्यांच्या संघटनांनी संपाचा इशारा दिल्यावर जानेवारी २०२४ मध्ये साखर संकुलातल्या बैठकीत तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली. वाढ रास्तच होती. कोयता चालवणाऱ्या जोडप्याची दिवसाची मेहनत पाहिलेला कुणीही तिला विरोध करणार नाही. पण ती ठरवायला बसले होते कारखान्यांचा संघ आणि मजुरांचे नेते, आणि ती रक्कम कापली जाते शेतकऱ्याच्या एफआरपीतून. कारखान्याला ती स्वतःच्या खिशातून द्यायची नसल्याने घासाघीस किती झाली असेल याचा अंदाज बांधता येतो. ज्याच्या बिलातून पैसे जाणार, तो त्या बैठकीत नव्हता.

तोडणी-वाहतुकीची वजावट कारखान्यागणिक वेगळी असते. लांबून आणलेल्या उसाचं भाडं सरासरीत मिसळतं, आणि कारखान्याला खेटून रान असलेल्या शेतकऱ्याच्याही बिलातून ते जातं. टनाला शंभर-दीडशे रुपयांचा फरक यात सहज मावतो. २०२३ च्या तडजोडीत रस्ता अडवून जेवढं मिळालं त्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. एफआरपीचा दर दिल्ली ठरवते, उतारा कोणत्या वर्षाचा हे न्यायालयाने सांगून झालं. वजावटीचा तपशील अजून कारखान्याच्या शेतकी कार्यालयात ठरतो, आणि त्यावर सभासदाला हिशोब मागायचा तर जागा एकच आहे. सप्टेंबरातली वार्षिक सभा, जिथे अहवालाचं ते पान वाचायच्या आत ‘मंजूर’ झालेलं असतं.